वेड्या बाभळीच्या शेंगा

फार मागे एका उघड्या माळावर गवताशिवाय काही उगवत नसे. काळविटांचा कळप तिथे चरायचा आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालायची.

एका उन्हाळ्यात गवत वाळलं, तेव्हा काळवीट दूरच्या ओढ्याकाठी जाऊन वेड्या बाभळीच्या गोड शेंगा खाऊन आले. त्यांच्या लेंड्यांतून बी माळभर पडलं आणि पावसाळ्यात रोपं उगवली.

टिटवी म्हणाली, "कोवळी आहेत तोवर तुडवून टाका. वाढली तर गवताला ऊन मिळणार नाही."

"तुला सगळ्यातच खोट दिसते, बाई," कळपाचा म्हातारा नायक म्हणाला. "आता आपल्याला घरबसल्या शेंगा मिळतील."

चार वर्षांत माळावर काट्यांचं रान माजलं. झुडपांत मुंगसं राहायला आली आणि त्यांनी टिटवीची चारही अंडी खाल्ली. ती दिवसभर ओरडत फिरली, पण कळपातल्या कोणी मान वर केली नाही. मग त्याच झुडपांत लांडगा दबा धरून बसू लागला. काट्यांतून पळता न आल्याने नायकाची नात त्याच्या तावडीत सापडली.

नायक टिटवीकडे आला. "लांडगा आला, तेव्हा तू ओरडली का नाहीस?"

"चार वर्षं ओरडतेच आहे," टिटवी संतापून म्हणाली. "त्याला लपायला ही झुडपं तुम्हीच पेरलीत. माझी अंडी गेली, तेव्हा तुमच्या तोंडात शेंगा होत्या."

नायक खाली मान घालून उभा राहिला. पुढ्यात पडलेल्या शेंगेला त्याने तोंड लावलं नाही. त्याच्या मागे कळप मात्र शेंगा चघळतच होता.