भोरीचं पदक

जनावरं आपापली राज्यं चालवत होती त्या काळी एका झऱ्यासाठी दोन डोंगरांत लढाई जुंपली. इकडच्या वाघाने भोरी घोडीला तटासाठी दगड ओढायला लावलं. दोर रुतून रुतून तिच्या छातीवर खुराएवढी जखम झाली, आणि सोबत ओढणारा तिचा भाऊ दगडासकट कड्यावरून खाली गेला.

लढाई जिंकल्यावर वाघाने दरबार भरवला. पहिल्या रांगेत मुद्दाम शिंगरं बसवली होती. वाघाचा कारभारी वानर तांब्याचं भलंमोठं पदक घेऊन आला. त्याने ते भोरीच्या गळ्यात घातलं, मागे सरून बघितलं आणि पुन्हा पुढे येऊन फीत आखडायला लागला.

"आता फीत कशाला आखडतोस?" भोरीने विचारलं.

"जखम दिसतेय," वानर तिच्या कानाशी कुजबुजला. "पुढच्या लढाईला हीच शिंगरं न्यायचीत. आत्ताच घाबरायला नकोत."

भोरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मानेला असा हिसडा दिला की फीत तुटून पदक धुळीत पडलं.

"बघा रे पोरांनो, डोळे उघडून बघा!" ती कडाडली. "महाराज, हे बक्षीस आहे की जखमेवरचं झाकण? आणि माझ्या भावाला कुठे लावणार पदक? त्याची तर छातीच सापडली नाही!"

वाघ गुरगुरत पुढच्या लढाईची घोषणा करायला उठला, तेव्हा पहिल्या रांगेत एकही शिंगरू उरलं नव्हतं.