पानोपानी नानासाहेब

"सामुराई जपानचा, काउबॉय अमेरिकेचा. दोघं एका पुस्तकात येतातच कसे? एसटीनं?"

नानासाहेब इंगवले आपल्याच विनोदावर पहिले हसले. मग समोर बसलेले म्हातारे हसले. नानासाहेबांच्या बेदाण्याच्या पेढीवर चहा फुकट असतो, त्यामुळे हसूही तयारच असतं.

पुढ्यात प्रांजल उभी होती. दिलीप पेंटरची मुलगी. कॉलेज मधेच सोडलेलं, बोटांना शाई, काखेत चित्रांचा गठ्ठा. गठ्ठ्यात तिनं स्वतः लिहिलेलं, स्वतः काढलेलं कॉमिक होतं : वाळवंटातलं एक गाव, तलवारवाला सामुराई आणि पिस्तूलवाला काउबॉय. छपाईसाठी वर्गणी मागत ती गावातल्या एकूण एक मोठ्या माणसाकडे जाऊन आली होती. गणपतीला, जयंतीला, कुणाच्याही वाढदिवसाला पावती न बघता पैसे देणारे हे लोक! कॉमिक म्हटल्यावर मात्र त्यांना एकदम तिच्या भवितव्याची काळजी वाटायला लागली. बापानंही सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापर्यंत छापलं तर छापलं. नाहीतर मामाच्या पतसंस्थेत शिक्के मारायला बसायचं!"

राहिले होते फक्त नानासाहेब.

"देतो," नानासाहेब म्हणाले. "सगळी छपाई माझी. पण अटी आहेत."

"सांगा."

"पानोपानी माझा फोटो पाहिजे. चौकातल्या फ्लेक्सवर आहे तसा, हात जोडून!"

तो फ्लेक्स चौकात बारा महिने असायचा. सण बदलला की फक्त खालची शुभेच्छा बदलायची. असल्या फ्लेक्सांनीच दिलीप पेंटरचा ब्रश वाळवला होता.

"शिवाय तुझ्या त्या दोन्ही हिरोंपेक्षा मी मोठा ठरलो पाहिजे. आणि शेवटची अट..." नानासाहेबांनी पेढीमागच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलं का!"

मालनकाकी बाहेर आल्या. नानासाहेबांना तोंडावर खरं सांगणारं गावात हे एकच माणूस होतं.

"हिनं वाचायचं. वाचताना एकदा जरी ही म्हणाली, 'हे मधेच कुठनं उपटले?', तर एक रुपया मिळणार नाही!"

म्हातारे खूश! त्यातला एक म्हणाला, "काउबॉयच्या गावात आमचे नानासाहेब हात जोडून! पोरी, हे जमायचं नाही. त्यापेक्षा डी.एड. कर."

"तुमच्या सूनबाईंनी केलंय ना, आजोबा? लागली नोकरी?"

म्हातारा कपात बघायला लागला.

"पुढच्या बाजारी येते," प्रांजल म्हणाली आणि निघाली.

बाजारच्या दिवशी ती आली आणि गठ्ठा थेट काकींच्या हातात दिला. काकींनी चष्मा लावला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. भुवया वर गेल्या. मग त्या फिसकन हसल्या.

"अगं बाई! सापडता सापडता निसटला की!"

"कोण निसटला?" नानासाहेबांनी मान लांब केली.

"थांबा हो, मधे बोलू नका!"

आणखी चार पानं गेली. काकी आता पदरानं डोळे पुसत हसत होत्या. शेवटी नानासाहेबांना राहवेना. त्यांनी गठ्ठाच ओढून घेतला.

वाळवंटातलं गाव. तिथं गुत्त्याच्या भिंतीवर, तबेल्याच्या दारावर, पाण्याच्या टाकीवर, जिकडंतिकडं एकच पोस्टर. पोस्टरवर नानासाहेब! त्याच मिश्या, तोच फेटा, जोडलेले हात. आणि खाली ठळक अक्षरांत : अट्टल दरोडेखोर! पकडून देणाऱ्यास घोड्याच्या वजनाइतकं सोनं!

"मला दरोडेखोर केलंस?" नानासाहेब गरजले. म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवले.

"फोटो पानोपानी आहे का?" प्रांजलनं विचारलं.

"आहे, पण..."

"हात जोडलेत का?"

"अगं, दरोडेखोर कशाला हात जोडील?"

"तीच तर त्याची खुबी! आधी हात जोडतो, मग लुटतो. म्हणून तर कुणाला संशय येत नाही!"

"अगदी बरोबर दाखवलंय!" काकी म्हणाल्या. "मला तर हे कुठंच मधेच आल्यासारखे वाटले नाहीत!"

"बरं, बरं! पण मी त्या दोघांपेक्षा मोठा कुठाय?"

"नानासाहेब, तुम्हीच विचारलं होतं, हे दोघं एका पुस्तकात येतातच कसे. आता बघा. सामुराई एकटा तुम्हाला पकडायला जातो, तलवार गमावून येतो. काउबॉय एकटा जातो, घोडा गमावून चालत येतो. तुम्ही एकेकट्याला आवरत नाही, म्हणून झक मारत दोघं एकत्र आलेत! तुम्ही नसता तर सामुराई जपानात राहिला असता, काउबॉय अमेरिकेत, आणि हे पुस्तकच झालं नसतं!"

नानासाहेबांचा हात आपोआप मिशीवर गेला.

"मग... शेवटी पकडतात का मला?"

प्रांजलनं पिशवीतून दोन कागद काढले. दोन्ही पेन्सिलीतले. एकावर नानासाहेब गाढवावर उलटे बसलेले, मागं गावभर हलगी. दुसऱ्यावर मात्र खरा चोर गावचा फौजदारच निघालेला. नानासाहेबांनी त्याच्याकडचं सोनं लुटून लोकांना परत वाटलेलं, आणि सामुराई कमरेत वाकून, काउबॉय टोपी काढून त्यांना मुजरा करतायत.

"यातलं कुठलं पान शाईनं पक्कं करायचं, ते अजून ठरलं नाही," प्रांजल म्हणाली. "छपाई कोण करतंय, त्यावर आहे."

नानासाहेबांनी एकदा गाढवाचं पान बघितलं, एकदा मुजऱ्याचं. मग असे हसले, असे हसले, की फेटा डोळ्यांवर आला! या खेपेला म्हातारे मागून हसले, कारण हसायचं की नाही हे त्यांना कळेना.

"लुटलंस की गं मला! तेही हात न जोडता!" नानासाहेब धापा टाकत म्हणाले. "दसऱ्याच्या आत छापून घे, बिल माझ्याकडं! आणि दिलीप पेंटरला सांग, चौकातला फ्लेक्स उतरवतोय. तिथल्या भिंतीवर हेच पोस्टर रंगव, चांगलं दुमजली. रंग माझा, मजुरी तू सांगशील ती!"

"मग मुजऱ्याचं पान शाईनं पक्कं करते," प्रांजल म्हणाली.

"कर गं," काकी म्हणाल्या. "पण ते गाढवाचं पान टाकून देऊ नको. मला सोप्यात लावायचंय!"