टेबलाचे गालबोट

एकदा एका शिष्याला वाटले, की आपल्याजवळ बुद्धी आहे, ग्रंथ आहे, गुरूंचा आशीर्वादही आहे. नाही ती फक्त बसायला एक खोली. आणि माणसाने एकदा असे मनात घेतले, की प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती खोली झाल्याशिवाय त्याच्या हातून काम व्हायचे नाही.

दिगंबर हे या शिष्याचे नाव. घाटाखालच्या एका लहानशा शहरात तो शाळेत संस्कृत शिकवी. त्याचे आचार्य त्याच शहरात, नदीपलीकडच्या आळीत राहत. आचार्यांनी आयुष्याची बरीच वर्षे एका जुन्या संस्कृत ग्रंथाच्या भाषांतरात घातली होती. ग्रंथ झाडांविषयीचा. बी कसे निवडावे, रोप कधी हलवावे, आजारी झाडाला काय द्यावे, असा सगळा जिव्हाळ्याचा विषय. निम्मा ग्रंथ मराठीत उतरला आणि आचार्यांचा हात कापू लागला. अक्षर ओळीवर थांबेना. तेव्हा त्यांनी उरलेली पाने दिगंबराच्या स्वाधीन केली.

“डोळे अजून शाबूत आहेत,” ते म्हणाले. “ते आहेत तोवर हे पुरं झालेलं मला वाचू दे, बाबा. दुसरी गुरुदक्षिणा नको.”

दिगंबराला गहिवरून आले. तो झपाट्याने कामाला लागला. हाती आलेला पहिला अध्याय त्याने जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पुरा केला. समोर पत्नी मृदुला मेथी निवडत असे, शेजारी लेक पाढे म्हणत असे, आणि मधल्या जागेत हा लिहीत असे. काम चालले होते. पण चाललेले काम पाहून कुणाला तरी सल्ला द्यावासा वाटतोच. शाळेतले एक सहकारी घरी आले आणि म्हणाले, “अहो, एवढा थोर ग्रंथ, आणि तुम्ही चटणी-कोशिंबिरीत बसून लिहिता? तुम्हाला स्वतंत्र अभ्यासिका हवी!” सहकारी चहा पिऊन निघून गेले. अभ्यासिका मात्र दिगंबराच्या डोक्यात मुक्कामाला राहिली.

स्वयंपाकघरामागे एक अडगळीची खोली होती. दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील, एवढीच. ‘कधीतरी लागेल’ या मंत्राने जपून ठेवलेल्या सगळ्या वस्तू तिच्यात सुखाने नांदत होत्या. बिनझाकणाचे डबे, बिनडब्यांची झाकणे, मागच्या कुठल्याशा गणपतीचे मखर, एका पायाने अधू स्टूल. मृदुला शाळेत गणित शिकवायची. तिने विषय दोन वाक्यांत संपवला.

“घरखर्चाला हात लावायचा नाही. तुमच्या पेपरतपासणीच्या मानधनात जे बसेल ते बसवा.”

आता येथे दिगंबराचे कौतुक केलेच पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मुलांना सांगतो. या गृहस्थाने अंथरूण पाहून अख्खी खोली सजवली. रंगारी परवडेना, म्हणून स्वतः भिंती घासल्या आणि स्वतःच रंगवल्या. रंग ठरवायला मात्र पंधरवडा घेतला. त्याने निरनिराळ्या छटांचे तुकडे भिंतीवर चिकटवून मृदुलाला बोलावले, तेव्हा ती चष्मा पुसून म्हणाली, “मला तर सगळे पांढरेच दिसतात.” आजोबांच्या मोडक्या सागवानी पलंगाच्या फळ्या सुताराकडून जोडून घेऊन टेबल केले. ते घासायला आणि पॉलिश करायला मजुरी नको, म्हणून रोज शाळेतून आला की पदर खोचल्यासारखा शर्ट खोचून बसायचा. फळांच्या खोक्यांची मांडणी झाली. मृदुलाच्या जुन्या इरकली साडीचा पडदा झाला. जुन्या बाजारातून एक पितळी दिवा आला, त्याची वायर बदलली, चिंचेने घासला, आणि तो असा झळकू लागला की दिव्याला दिवा लावायची गरज नाही.

खोली खरोखर सुरेख झाली. येणारा-जाणारा दारात उभा राहून “वा!” म्हणत असे. दिगंबर दारात आधीच उभा असे.

आणि मग तो लिहायला बसला. वही उघडली, पेनात शाई भरायला दौतीचे झाकण काढले, आणि त्याच्या मनात आले: थेंब सांडला तर? झाकण परत लावले. टेबलावर वर्तमानपत्र पसरले. ते त्या सागवानावर फार दरिद्री दिसू लागले. मग पारदर्शक प्लास्टिक आणून अंथरले. त्यावर वही घसरे आणि कोपर चिकटे. आपल्या मराठी घरांचे हे एक कोडेच आहे. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत कैद असतो, नक्षीदार कप पाहुण्यांसाठी कपाटात असतात, आणि पाहुणे आले की “घरचेच तर आहेत” म्हणून ते कपाटातच राहतात. वस्तू आपण विकत घेतो आणि नंतर तिचे रखवालदार होतो.

शाईची एक गोष्ट झाली. दुसरी त्याहून अवघड होती आणि ती दिगंबराने कुणाला सांगितली नाही. एवढ्या देखण्या खोलीत साधे वाक्य लिहिणे त्याला शोभेना. ‘खड्डा खणावा’ असे लिहावे आणि पितळी दिव्याकडे पाहून लाज वाटावी. ते खोडून तो भारदस्त काहीतरी शोधू लागे, ते सापडत नसे, मग तो उठे आणि मांडणीवरची धूळ पुसे. मांडणीवर धूळ नसे. खोली मिरवत होती आणि ग्रंथ रखडत होता.

आचार्यांकडे तो नेमाने जाई. “कुठवर आलं?” असे ते विचारत. कधी पडदा शिवायला टाकलेला असे, कधी पॉलिश वाळत असे, कधी एक खोके उरलेले असे. आचार्य मान डोलवत. एकदा मात्र त्यांनी समोरचे वर्तमानपत्र हातात धरले, ते डोळ्यांजवळ नेले, मग आणखी जवळ नेले आणि खाली ठेवून दिले. दिगंबराने ते पाहिले. घरी येताना नदीच्या पुलावर थांबून त्याने स्वतःला भरपूर दूषणे दिली. घरी आल्यावर दिवा पुसला.

“रविवारी तुझी खोली बघायला येतो,” पुढच्या भेटीत आचार्य म्हणाले.

रविवारी सकाळी ते काठी टेकत आले. दिगंबराने त्यांना खोलीत नेले. आचार्य काही विरक्त बैरागी नव्हते. चांगली वस्तू पाहिली की त्यांना आनंद होई. त्यांनी पडद्याचा काठ बोटांत धरून पाहिला, दिव्याचे बटण दोनदा दाबले, प्लास्टिक उचलून सागवानावरून तळवा फिरवला.

“फार छान! पैसा थोडा आणि हौस मोठी. अशीच खोली व्हावी.” मग खुर्चीवर बसत त्यांनी विचारले, “श्लोक किती झाले?”

दिगंबर पडद्याकडे पाहू लागला.

“बरं. दौत दे जरा.”

दिगंबराने दौत दिली. आचार्यांनी प्लास्टिक गुंडाळून बाजूला ठेवले. थरथरत्या हातांनी झाकण काढले, अंगठा शाईत बुडवला, आणि टेबलाच्या अगदी समोरच्या, अगदी चकाकत्या भागावर तो दाबून टेकवला. अंगठा उचलला तेव्हा सागवानावर काळा, गोल, ठसठशीत ठिपका उमटलेला होता.

“अगं ए, फडकं आण! लिंबू आण!” दिगंबर ओरडला. मग गुरूंसमोर ओरडलो हे ध्यानात येऊन ओशाळला. “असू दे, गुरुजी. हात थरथरला तुमचा. होतं असं.”

“हात थरथरला असता तर शाई सांडली असती,” आचार्य शांतपणे म्हणाले. “हा गोल आलाय. मुद्दाम लावलाय मी. पुसू नकोस, वाळू दे.”

दिगंबराला संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आले. कितीतरी संध्याकाळी त्याने त्या फळ्या घासल्या होत्या. गुरू झाले म्हणून काय झाले, असे क्षणभर त्याच्या मनात आलेही. मृदुला फडके घेऊन दारात आली होती. ठिपका पाहून तिने फडके तोंडावर धरले. ती हसत होती की घाबरली होती ते कळत नव्हते.

“सूनबाई,” आचार्यांनी विचारले, “तुमच्या लेकीचं बारसं झालं, तेव्हा तिला नटवून गालाला काय लावलं होतं?”

“गालबोट. काजळाचं.”

“एवढ्या गोऱ्या गालाला काळं का फासलंत?”

“दृष्ट लागू नये म्हणून, गुरुजी.”

“कुणाची?”

“सगळ्यांचीच. पण माझी आई म्हणायची, पहिली दृष्ट आईचीच लागते. आपलंच बाळ, आपणच टक लावून बघत बसतो.”

आचार्य दिगंबराकडे वळले. “ऐकलंस? बाळाकडे टक लावून बसलेल्या आईला त्याला न्हाऊ घालायचं, भरवायचं भान राहत नाही. गालबोट लावलं, की ते बाळ चित्रातलं उरत नाही. रडणारं, लोळणारं, घरातलं होतं. तू ही खोली लिहायला केलीस आणि तिच्याकडे बघत बसलास. तिच्यात एकही उणं नव्हतं, म्हणून तुझं साधं वाक्य आत यायला बिचकत होतं. पहिला डाग कधीतरी पडणारच होता, आणि त्याच्या धास्तीनं तू महिनोन् महिने बाहेर ताटकळलास. तो डाग मी माझ्या नावावर घेतला. आता धास्ती कसली? बैस.”

दिगंबर उभाच होता. आपण न सांगितलेली गोष्ट, ती साध्या वाक्याची लाज, गुरूंना कशी कळली, याचेच त्याला नवल वाटत होते. ते अधू स्टूल ओढून तो खाली मान घालून बसला. समोर तो काळा ठिपका होता. त्याकडे पाहता पाहता त्याचा राग ओसरला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला त्या टेबलावर कोपरे टेकावीशी वाटली. त्याने ती टेकली.

“अडलेला श्लोक घे,” आचार्य म्हणाले.

तो श्लोक रोप एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याविषयीचा होता. दिगंबराने थोडा विचार केला, लिहिले आणि वाचून दाखवले: “रोपाचे स्थानांतर करतेसमयी मूलसंलग्न मृत्तिकेचे निष्कासन सर्वथा वर्ज्य समजावे.”

मृदुला अजून दारातच उभी होती.

“म्हणजे मुळाची माती काढायची नाही, एवढंच ना हो?”

“एवढंच,” दिगंबर म्हणाला.

“का नाही काढायची?”

“ती जुन्या जागेची माती असते. ती धुऊन टाकली, की नव्या जागेत रोप जीव धरत नाही.”

“मग असंच लिहा की!”

आचार्य मोठ्याने हसले. दिगंबराने मृदुलाकडे पाहिले, मग पानाकडे पाहिले. त्याने आपले भारदस्त वाक्य आडवी रेघ मारून खोडले. नव्या खोलीतली ही पहिली खाडाखोड. खाली त्याने लिहिले: ‘मुळाला धरलेली जुनी माती धुऊन टाकू नये. ती गेली, की रोप नव्या जागेत जीव धरत नाही.’

“हं, हे माझ्या कानांना कळलं,” आचार्य म्हणाले. त्यांनी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि डोळे मिटून घेतले. “पुढचा श्लोक.”

त्या दिवशी जेवायला हाका मारून मारून मृदुला थकली. पुढच्या दिवसांत टेबलावर आणखी डाग पडले, आणि ते कुणी, कधी पाडले हे कुणाला आठवत नाही. ग्रंथ थंडी सुरू व्हायच्या आत पुरा झाला. शेवटचे पान आचार्यांना दुसऱ्या कुणी वाचून दाखवायची पाळी आली नाही. उन्हात खुर्ची टाकून, पान डोळ्यांपाशी धरून, त्यांनी ते स्वतःच वाचले. एकदा वाचले, पुन्हा वाचले. मग पान मांडीवर ठेवून ते दिगंबराकडे पाहून म्हणाले, “झालं हं, दिगंबरा. माझं सगळं झालं.”