कागदावरचा तांब्या

एका राज्यात एक तांब्या माणसं गिळायचा. खरा तांब्या नव्हे हो; राजवाड्याच्या भिंतीवरचा, कागदावर काढलेला! पणज्यांच्या काळी काजळनाथ नावाच्या जादूगाराने तो शिसपेन्सिलीने काढला होता. काठाला पोचा, पोटावर घासल्याचे ओरखडे आणि उजेडाची चकाकी. लोक म्हणत, "वा, काय तांब्या आहे!" काढणाऱ्याला मात्र कुणी विचारीना. तो चिडला. "याला जो खरा मानेल, तो याच्याच पोटात जाईल," असा शाप त्याने दिला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

एके दिवशी राणी सुवेणीने तहानेच्या भरात त्या तांब्याला हात घातला, आणि गेली ना आत! तांब्याच्या पोटावर तिची सावली उमटली. सावली रोज गडद होई. पुरती काळी झाली की राणी कायमची आतच राहणार, असं लोक म्हणत. राजा नुसता रडत बसला. रडून का कुठे माणूस परत येतं?

मग राणीची धाकटी बहीण कमळावती आली. चित्राच्या चौकटीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तीनदा विचारीन. बरोबर सांगितलंस, तर बहीण सुटेल; तिसऱ्यांदाही चुकलीस, तर तूही आत. काय दिसतं?"

"तांब्या."

कमळावतीची बोटं राखाडी झाली. आतून राणी कण्हली, "कमळे, परत फिर गं!"

"आता काय दिसतं?" साळुंकीने विचारलं.

"खऱ्यासारखा तांब्या."

राखाडी रंग कोपरापर्यंत चढला. पोरीची भीतीने गाळण उडाली, पण बहिणीला सोडून ती जाणार कुठे? डोळे पुसून ती चित्राजवळ सरकली. पोचा म्हणजे नुसत्या बारीक, आडव्या रेघा होत्या. आणि ती चकाकी?

"आता?"

"कागद दिसतो," ती म्हणाली. "उजेड काढलेलाच नाही. तिथे पेन्सिल टेकलीच नाही. बाई गं, केवढा धीर त्या हाताला! सगळं काळं करताना एवढी जागा कोरी ठेवली."

त्या कोऱ्या जागेतून एक थंडगार हात बाहेर आला. कमळावतीने तो धरून ओढला, आणि राणी बहिणीच्या गळ्यात पडली. दोघींच्या अंगावरचा राखाडी रंग उतरला.

"जाळा तो कागद!" राजा ओरडला.

"थांबा महाराज," राणी म्हणाली. "आत मी एकटी नव्हते."

मग एकेक जण बाहेर येऊ लागला. पणज्यांच्या काळातली माणसं ती, डोळे चोळत उजेडात उभी राहिली. सर्वांत शेवटी एक म्हातारा आला. त्याची बोटं शिशाने काळी होती.

"मीच पहिला फसलो," काजळनाथ म्हणाला. "माझीच रेघ मला खरी वाटली."

"चित्र फार सुरेख काढलंत हो, आजोबा," कमळावती म्हणाली.

तो एवढा मोठा जादूगार, पण लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. शाप सरला. त्या राज्यात आता तांब्याने पाणी पितात, आणि चित्र नुसतं पाहतात.