काजळीची डुंबायची जागा

पाण्याला बोलता यायचं, त्या काळची गोष्ट. काजळी म्हैस उन्हानं बेजार होऊन डुंबायला निघाली.

"माझ्याकडे ये, माझ्याएवढं मोठं कुणी नाही," समुद्र म्हणाला. ती शिरली, तोच लाटेनं तिला वाळूत आपटलं. वर डोळ्यांत खारं पाणी चुरचुरलं.

"मी गोड आहे, माझ्यात ये," म्हणत नदीनं तिला वाहवतच नेलं.

"अगं, थांब की जरा!"

"थांबले असते तर नदी कशाला झाले असते?"

काजळी कशीबशी काठाला लागली. तिथं एक तळं गप्प होतं.

"मी लहान, त्यात गढूळ. कुठं जाताही येत नाही," ते पुटपुटलं.

"मग जाऊच नकोस," म्हणत काजळी नाकापर्यंत आत बसली.

तळं आनंदानं काठावरून सांडलं.