झोळी जड झाली

“…मग परक्याच्या दारात उभं राहताना तुम्हाला काहीच वाटत नाही, अक्का?”

“वाटतंय की.”

“काय वाटतं?”

“भूक.”

प्रश्न विचारणारा रणधीर मगदूम. घरोघर फिरून घरघंट्या विकणं हा त्याचा धंदा. घरच्या घरी पीठ दळायची ही चक्की काही मोटरसायकलवर घेऊन फिरता येत नाही. पिशवीत रंगीत पत्रकं, डबीत नमुन्याचं पीठ आणि तोंडात गोड भाषा, एवढ्यावर त्याचं उत्तम चालायचं. चालायचं असंच म्हणायला हवं, कारण अलीकडे ते चालेनासं झालं होतं.

उत्तर देणारी चंद्राक्का. कृष्णाकाठच्या त्या गावातल्या मठात राहणारी म्हातारी संन्यासिनी. मठाला ना शेत, ना दक्षिणेची पेटी. अक्का रोज सकाळी झोळी घेऊन निघे, पाच घरी माधुकरी मागे आणि मिळेल ते खाई. पाचांहून जास्त नाही, पाचांहून कमी नाही, हा मठाचा जुना रिवाज होता.

रणधीर रोज सकाळी सांगलीहून येई आणि मठाच्या कट्ट्यावर बसे. संध्याकाळी उठून परत जाई. गावातलं एकही दार त्याने अजून वाजवलेलं नव्हतं. घरी बायकोला मात्र तो सांगे, आज खूप फिरलो. अंगात इस्त्रीचा शर्ट असे, छातीवर कंपनीचा बिल्ला, मनगटावर बक्षिसाचं घड्याळ. माणूस नखशिखांत तयार होता. फक्त उठत नव्हता.

“बसून बसून माझा कट्टा झिजवलास,” अक्का म्हणाली. “कुठं दुखतंय काय?”

“दुखत नाही, अक्का. दारापर्यंत जातो. हात उचलतो…”

“मग?”

“कडी वाजवत नाही. आतून कुणी नको म्हणेल, असं वाटतं.”

“म्हणू दे की.”

“तुम्हाला बोलायला सोपं आहे. मी विक्रीत जिल्ह्यात पहिला होतो.”

अक्काने मान डोलवली. जिल्ह्यात पहिला म्हणजे काय ते तिला कळलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

“एक काळ असा होता,” रणधीर म्हणाला, “एक घर झालं की पाय आपोआप दुसऱ्याकडे वळायचे. दुपारचं जेवण आठवायचं नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखा फिरायचो. तो जोर गेला. या महिन्यात एक तरी घंटी विकली गेली नाही, तर कंपनी माझा विक्रीचा भाग दुसऱ्याला देणार. मग मी घरी बसणार. बायकोला अजून सांगितलेलं नाही.”

माणूस गर्विष्ठ होता, पण भ्यायलेलाही होता, आणि त्याची भीती खरी होती.

“जोर गेला कवा?”

“माहीत नाही.”

“आठव.”

“…हे घड्याळ मिळालं त्याच्या आसपास असेल. त्या दिवशी सकाळीच एका घरात घंटी गेली. पाठोपाठ साहेबांचा फोन आला, तुमचा पहिला नंबर आला म्हणून.”

“मग?”

“मग काय, गाडी वळवली. मित्रांना जेवण दिलं.”

“दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी सत्कार होता.”

“त्याच्या दुसऱ्या दिवशी?”

“…जरा आराम केला.”

अक्का उठली. अंगणातली झोळी तिने दोरीवरून काढली, झटकली, घडी घातली.

“उद्या सकाळी ये. झोळी धराया माणूस पायजे.”

“मी? झोळी? अक्का, मला याच गावात धंदा करायचाय. लोक बघतील.”

“हितं बसलेला बघत्यात, ते चालतंय व्हय?”

दुसऱ्या दिवशी रणधीर आला. बिल्ला काढून त्याने खिशात टाकला होता. घड्याळ मात्र तसंच होतं.

पहिल्या घरी अक्का दारात उभी राहिली आणि हाक दिली, “भिक्षा वाढा, माय!”

त्या घरात आदल्या दिवशी बारसं झालं होतं. आजीबाई हसतच बाहेर आल्या. उरलेल्या पुरणपोळ्या आल्या, लाडू आले, केळीच्या पानात बांधलेला मसालेभात आला. रणधीरने धरलेली झोळी खाली ओढू लागली.

“सुखी ऱ्हावा,” अक्का म्हणाली.

रणधीरचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी त्याच्या हातात काही पडत होतं.

“याला म्हणतात सुरुवात!” असं म्हणत तो मठाच्या वाटेला लागलासुद्धा.

“कुठं निघालास?”

“मठात. भरली की झोळी. दोघांना पुरून उरेल.”

अक्काने झोळी त्याच्याकडून घेतली. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीच्या माणसांच्या खोपी होत्या. एका खोपीपुढे एक बाई चूल पेटवत बसली होती. अक्काने तिची परात पुढे ओढली आणि पोळ्या, लाडू, भात, सगळं तिच्यात ठेवलं. मग झोळी उलटी करून झटकली आणि रणधीरच्या खांद्यावर टाकली.

“सगळंच दिलंत?”

“जड झालती.”

“पण मी धरली होती की! मला कुठं जड होत होती?”

“तेच तर,” अक्का म्हणाली आणि चालू लागली.

रणधीर तिच्या मागून गेला. पुरणपोळ्यांचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. उपाशी पोटी निघालेल्या माणसाला ते वाटणारच.

दुसऱ्या घरी पुन्हा हाक. पहिल्या दारात होती तीच, तेवढीच.

“सुतक हाय, अक्का. पुढं जावा,” आतून आवाज आला.

“सुखी ऱ्हावा.”

रणधीर कुजबुजला, “सुतकात वाढता येत नसलं तरी त्यांना शेजाऱ्यांकडून काही द्यायला लावता आलं असतं. जरा थांबायला हवं होतं. आम्हाला तर शिकवलंय, हो म्हणेपर्यंत दारातून हलायचं नाही.”

“गाईची धार काढाया जेवढा येळ लागतोय, तेवढाच थांबायचं. मग हलायचं.”

“आणि तेवढ्यात नाही मिळालं तर?”

“फुडल्या दारात उशीर हुतोय,” अक्का म्हणाली.

तिसऱ्या घरी अर्धी भाकरी आणि बोटभर ठेचा मिळाला.

“सुखी ऱ्हावा.”

आता रणधीर कान देऊन ऐकत होता. पोळ्यांच्या घराला, सुतकाच्या घराला आणि अर्ध्या भाकरीच्या घराला तिने एकाच आवाजात सुखी राहायला सांगितलं होतं. लाडवांसाठी त्यात काही वाढलं नव्हतं.

चौथ्या घराचं दार बंद होतं. अक्का बाहेरच्या धोंड्यावर बसली.

“हाक मार.”

“मी?”

“माझा घसा बसलाय.”

घसा काही बसला नव्हता. रणधीर दारापुढे गेला. हात उचलला… आणि हात तिथेच राहिला. दोन वेळा त्याने मागे वळून पाहिलं. अक्का नदीकडे बघत होती. ती मदतीला येणार नाही, हे तिच्या पाठीवरूनच दिसत होतं.

“भिक्षा…” त्याचा आवाज बारीक निघाला. त्याने घसा खाकरला. “भिक्षा वाढा, माय!”

दार उघडलं. हात पिठाने माखलेली एक बाई बाहेर डोकावली. इस्त्रीचा शर्ट आणि खांद्यावर झोळी बघून ती क्षणभर गोंधळली.

“आज काय न्हाई बाबा. पुढं जा.”

दार बंद झालं.

रणधीर तसाच उभा राहिला. काहीतरी होईल, म्हणून तो वाट बघत होता. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्या टिपतच राहिल्या. कुणी हसलं नाही. आभाळ होतं तिथेच होतं.

“…एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच. सुखी ऱ्हावा म्हणायचं ऱ्हायलं तुझं.”

रणधीर बंद दाराकडे वळला. “सुखी राहा,” तो म्हणाला. आणि का कोण जाणे, त्याला मोकळं वाटलं.

पाचव्या घरी अक्काला धोंड्यावर बसावं लागलं नाही. तिच्याआधी तोच दारात पोचला होता. तिथे ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ओंजळभर शेंगा मिळाल्या.

मठात दोघांनी वाटून खाल्लं. रणधीरने ताटात कणही ठेवला नाही. मग हात धुतले, पिशवी उचलली, अक्काला नमस्कार केला आणि निघाला. त्या दिवशी कट्टा रिकामा राहिला.

दुपार जेमतेम कलली असेल. मोटरसायकल धूळ उडवत मठाच्या दारात येऊन थांबली. रणधीर गाडीवरून जवळजवळ उडी मारूनच उतरला. बिल्ला पुन्हा छातीवर आला होता. हातात पेढ्यांचा पुडा होता.

“अक्का! गेली! घंटी गेली!”

अक्का मांडीवर सूप घेऊन सकाळच्या शेंगा सोलत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

“पहिल्या घरी नको म्हणाले. मी म्हटलं, सुखी राहा. दुसऱ्या घरी म्हातारी अंगावर आली, तिलाही म्हटलं, सुखी राहा. हसायला लागली ती! तिसरं घर मास्तरांचं. मास्तरीणबाईंनी आत बोलावलं, चहा दिला, पीठ हातावर घेऊन बघितलं… आणि घेतली, अक्का! माझा भाग वाचला!”

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. ते त्याने लपवले नाहीत.

“तुमच्यामुळे झालं. परत जोर आला अंगात. अगदी पूर्वीसारखा! घरी फोन केला, सगळं सांगून टाकलं, बायको रडायलाच लागली. आता तिला घेऊन बाहेर जेवायला जाणार. मित्रांनाही कळवलंय, सगळे जमतायत. म्हटलं, आधी अक्कांच्या पाया पडावं, पेढे द्यावेत, मग निघावं.”

तो पाया पडला. अक्काला आनंद झाला होता, तो तिच्या तोंडावर दिसतही होता. तिने पुडा सोडला. एक पेढा मोडून तोंडात टाकला आणि तो गोड लागल्याचं सांगितलं.

रस्त्याने ऊसतोडीच्या बाया घागरी घेऊन पाण्याला चालल्या होत्या. अक्काने त्यांना हाक मारली आणि उरलेले पेढे एकेकीच्या हातावर ठेवले. पुडा रिकामा झाला, तेव्हा तो उलटा करून तिने झटकला, नीट घडी घातली आणि रणधीरच्या हातात दिला.

रणधीरने पुड्याकडे पाहिलं. मग अक्काकडे.

अक्का डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे बघत होती. ऊन अजून अंगणभर होतं.

“मास्तरांच्या शेजारी,” ती म्हणाली, “कोण ऱ्हातंय रं?”