हिरव्या देवाचं मडकं

लेकीचा ताप उतरावा म्हणून मी एकदा नवस बोलले होते, की दर शुक्रवारी कुणाला तरी एक गोष्ट सांगेन आणि मगच जेवेन. त्यातलीच ही एक.

डोंगरातल्या एका संस्थानात कायदा होता, मोहाची दारू घरापुरतीच गाळावी, माणशी एक मडकं. बुधीच्या घरात माणसं दोन, ती आणि नवरा. पण फौजदार तुंगारे शिपाई घेऊन तपासाला आले, तर मडकी निघाली तीन.

"तिसरं कुणाचं गं?"

"हिरव्या देवाचं, सायेब. नवरा दुखण्यातून उठला, त्याचा नवस फेडायचाय."

आपला नैवेद्य पुरणाचा, तसा त्या डोंगरातल्या आदिवासींचा मोहाचा.

"देव काय घरातला माणूस आहे? जास्तीचं मडकं म्हणजे विक्रीचं. फोडा ते, आणि नवऱ्याला बांधा."

बुधी मडक्याच्या आडवी उभी राहिली. "बांधा, सायेब. पण मघाशी आम्ही दोघं अंगणात होतो. तुम्ही वहाणा काढून आत आलात, कोपऱ्यातल्या हिरव्या देवाच्या मोरपिसांपुढं हात जोडलेत आणि लेकीला चांगलं स्थळ मिळू दे म्हणालात. घरात कुणी नव्हतं, तर मागितलंत कुणाकडं?"

फौजदारांनी शिपायाला मागे सारलं. "माणसं तीन, मडकी तीन," ते म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "नवस फेडशील तेव्हा माझ्या सुमतीचंही नाव घे, बाई."

तुम्हीही आज जेवायची पानं मोजाल ना, तेव्हा देवाला त्यात धरा हं.